ॲडजस्टची एकतीस कार्डं

३ मार्च, सोमवार

आज माझ्या टेबलाची वाटणी झाली. सव्वीस वर्षं ते टेबल मी एकटीने वापरलं. सकाळी येऊन बघते तर साहेब टेबलाच्या मधोमध तळहात उभा धरून उभे. "मॅडम, इकडे तुम्ही, तिकडे या नव्या बाई. जागेचा प्रश्न आहे, जरा ॲडजस्ट करा." नवी बाई चाळिशीची. आपला लॅपटॉप थेट माझ्या कार्डांच्या खोक्याला टेकवून ठेवला आणि वर हसली. मी हसले नाही.

आम्ही आपल्या बोलण्यात मुरलेल्या इंग्रजी शब्दांचा कोश करतो. माझी पद्धत सगळ्या कचेरीला ठाऊक आहे. शब्द कानाने ऐकायचा, लगेच कार्डावर उतरवायचा. वाक्य जसंच्या तसं, खाली 'बोलणारा' या रकान्यात त्याचा धंदा किंवा आपलं नातं, मग जागा आणि तारीख. नाव कुणाचं लिहायचं नाही. नवीची पद्धत अशी की बसल्या जागी बटण दाबायचं आणि यंत्राने लाखभर वाक्यं ओकायची. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

दुपारी साहेबांनी दोघींना बोलावलं. "एकच शब्द दोघी करा. ज्यांची नोंद उजवी, त्या पुढच्या खंडाच्या प्रमुख. दुसऱ्यांनी मुद्रितं तपासायची." म्हणजे मागची खोली, जिथे खिडकीसुद्धा नाही. शब्द कोणता घ्यायचा हे ठरवायला साहेबांना फार लांब जावं लागलं नाही. "सकाळी मी काय म्हणालो? ॲडजस्ट. तोच करा. महिनाअखेरपर्यंत."

ठीक आहे. शेराला सव्वाशेर भेटतो हे तिलाही कळू दे.

४ मार्च, मंगळवार

नवीने विचारलं, "मॅडम, इतकी वर्षं हातानेच लिहिता? बोटं दुखत नाहीत?" मी म्हटलं, "कान शाबूत असले की बोटं दुखत नाहीत." तिचा लॅपटॉप दुपारपर्यंत चार बोटं माझ्या बाजूला सरकला होता. मी डबा खाताना तो पाच बोटं मागे सारला.

६ मार्च, गुरुवार

कामाला जुंपून घेतलंय. घरी टेबल खिडकीशी आणल्याशिवाय जमणार नाही. संध्याकाळी कार्डं लावायला नीट उजेड लागतो. खिडकीशी धाकटीचं शिवणाचं मशीन होतं, ते दोन खोल्यांमधल्या बोळात नेलं. बोळात दिवा आहे. म्हणजे दिवा मिणमिणता आहे, पण आहे. धाकटी "करीन ॲडजस्ट" म्हणाली. तिने एका बाजूने मशीन धरलं, मी दुसऱ्या बाजूने. मग मी लगेच कार्ड लिहिलं. बोलणारी: बहीण. जागा: घर.

धाकटी म्हणजे माझी पाठची बहीण, माझ्याहून सात वर्षांनी लहान. आई अंथरुणाला खिळली तेव्हा माझी नोकरी नुकती लागली होती, म्हणून तिने कॉलेज सोडलं आणि आईचं केलं. आई गेल्यावर तिचं कुठे काही जमलं नाही आणि ती राहिली ती राहिलीच. शाळांचे गणवेश शिवते, पडदे शिवते, पँटींची उंची कमी करून देते. आमच्यात भांडण नाही. दोन बायका वीस वर्षं दोन खोल्यांत राहतात आणि भांडण नाही, हे नवीच्या यंत्राला सापडायचं नाही.

आज लक्षात आलं की हा शब्द धाकटीच्या तोंडी सतत असतो. म्हणजे खाणच घरात आणि मी रस्त्यावर खडे वेचत होते.

१० मार्च, सोमवार

चार दिवसांची कमाई अठ्ठावीस कार्डं. बसमधला कंडक्टर: "मागचे पुढे सरका, ॲडजस्ट करा, सगळ्यांनाच घरी जायचंय." दातांची डॉक्टर खुर्ची वर-खाली करत: "मान ॲडजस्ट झाली का?" घड्याळवाला: "पाच मिनिटं पुढे जात होतं, ॲडजस्ट केलंय." नळ दुरुस्त करणारा, मी रविवारी ये म्हटल्यावर: "रविवारचं बघतो ॲडजस्ट होतंय का." झालं नाही, तो आलाच नाही, पण वाक्य पक्कं आहे.

त्यातली तेरा घरची.

"पंखा तुझ्या खोलीतच असू दे, मी करते ॲडजस्ट."

"भाजी एकीलाच पुरेल. तू घे, मी काहीतरी ॲडजस्ट करते."

"उजेड कमी आहे खरा. डोळे होतात ॲडजस्ट."

सुरेख वाक्यं. छोटी, नैसर्गिक, अर्थ उघड. असं बोलणं विकत मिळत नाही.

रात्रीचं जेवण आटपल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, बाजारातली शिवणदुकानवाली आजी आता दुकान सोडतेय. मला घेतेस का म्हणाली. मागे एक खोली आहे, राहण्यासारखी. महिनाअखेरपर्यंत हो-नाही सांगायचंय." मी कार्डं अर्थानुसार लावत होते. म्हटलं, "आजीचं वय झालंच होतं." ती भांडी घासायला गेली. या वाक्यांत आपला शब्द नव्हता.

१३ मार्च, गुरुवार

आज नवीशी जुंपली. अर्थ लिहिताना पहिल्या तिन्हींवर आमचं एकमत झालं, याचंच नवल. एक, सरकून जागा करणे. दोन, वस्तू हवी तशी नीट बसवणे. तीन, वेळ जुळवणे. चौथ्यावर फाटलं.

मी लिहिलं: समजूतदारपणे जुळवून घेणे.

तिने लिहिलं: दुसऱ्याच्या सोयीसाठी आपली गैरसोय सोसणे.

मी म्हटलं, "बाई, हा कोश आहे, गाऱ्हाण्यांची वही नव्हे."

ती म्हणाली, "मॅडम, समजूतदारपणा आहे हे ठरवलं कुणी? बोलणाऱ्याने की ऐकणाऱ्याने?"

"बोलणाऱ्याच्या आवाजावरून कळतं."

"कार्डावर आवाज लिहिता तुम्ही?"

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या, खोटं कशाला बोलू. म्हटलं, "तुमच्या यंत्राला तर कानच नाहीत." ती शांतपणे म्हणाली, "म्हणूनच त्याला जे नाही ते ऐकू येत नाही." शिपाई चहा घेऊन आला होता. तो ट्रे न ठेवताच परत गेला.

१६ मार्च, रविवार

धाकटी सकाळी बोळातल्या मशीनवर बसली होती. तीन वेळा दोरा ओवायला गेली, ओवता आला नाही. शेवटी सुई आणि दोरा घेऊन माझ्या टेबलाशी खिडकीजवळ आली, तिथे ओवला आणि तशीच उभी राहिली.

"ताई, माझी जागा मला परत देतेस?"

"कुठली जागा?"

"ही. खिडकीची. दिलीस तर मी आजीला नाही कळवते."

मी म्हटलं, "महिनाअखेरपर्यंत थांब ना. माझी नोंद होऊ दे. त्या बाईच्या हाती खंड गेला तर मी मागच्या खोलीत सडेन, ते चालेल तुला?"

"आजीलाही महिनाअखेरच हवीय ना," ती म्हणाली.

मला तिचं हे नाटक कळत नाही. सत्तेचाळीस वर्षांची बाई, दुकान चालवणार म्हणे. गिऱ्हाइकाने आवाज चढवला की ही कापड सोडून पळेल. घरात बसून चार गणवेश शिवते, वर छप्पर आहे, माझी सोबत आहे. आणखी काय हवं असतं माणसाला? एकदा माझं काम झालं की मशीन देईन ना खिडकीशी. मी काय राक्षसीण आहे?

बोलून झाल्यावर ती म्हणाली, "असू दे. पंधरा दिवस ॲडजस्ट करायचं तर करायचं." घरचं कार्ड बाविसावं.

१९ मार्च, बुधवार

साहेबांच्या सांगण्यावरून एकमेकींची सामग्री पाहायची होती. मी नवीची छापील पानं पाहिली. हजारो वाक्यं, कुणाची कोण जाणे, जाहिरातींची, बातम्यांची. ती माझं खोकं घेऊन खिडकीशी बसली. तासभर बसली. घरच्या कार्डांचा गठ्ठा वेगळा काढला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला.

मग म्हणाली, "या बहीण कोण?"

"बहीण म्हणजे बहीण. माझी."

"यात सगळी उत्तरंच आहेत, मॅडम. असू दे, करते, करीन, झालं. यांना सांगणारं कोण आहे? त्याचं एकही कार्ड नाही."

मी म्हटलं, "संपादकाने स्वतःची वाक्यं घ्यायची नाहीत, हा नियम आहे. नाहीतर कोण काय रचेल याचा भरवसा नाही."

"म्हणजे तुम्हीच," ती म्हणाली आणि खोकं माझ्यापुढे ठेवलं.

हा तिचा डाव आहे. एकाच माणसाची इतकी वाक्यं म्हणजे सामग्री एकांगी, असं तिला साहेबांपुढे मांडायचंय. मला काय दूधखुळी समजते? पण आत कुठेतरी काहीतरी रुतलं, ते दिवसभर निघालं नाही. दोन वेळा पाणी प्यायले.

२१ मार्च, शुक्रवार

मी म्हटलं तेच झालं. नवीने साहेबांपुढे नियमावली उघडली. कलम नऊ: संपादकाच्या घरच्या माणसाचं वाक्य असेल, तर दुसऱ्या संपादकाने त्या माणसाला समोर बसवून प्रत्येक कार्ड वाचून दाखवावं आणि 'हे तुम्ही म्हणालात का' असं विचारून उत्तर कार्डाच्या मागे लिहावं.

हे कलम माझंच. पंधरा वर्षांपूर्वी एक सहकारी आपल्या सासूच्या नावावर रोज नवी वाक्यं रचून आणायचा. इतकं चटकदार बोलणारी सासू असती तर त्याचा संसार टिकला असता. त्याला आवरायला मी ते कलम लिहिलं होतं. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला म्हणायचं.

साहेब म्हणाले, "आधी नोंदी येऊ देत. खात्री नंतर करू." मी म्हटलं, "खुशाल करा. माझ्या कार्डांत एक अक्षर इकडचं तिकडे सापडणार नाही."

२३ मार्च, रविवार

धाकटी दिवसभर बाहेर. कुठे गेली होती विचारलं तर म्हणाली, "दुकान झाडून आले." मी म्हटलं, "त्या आजीला हात नाहीत?" ती हसली. ते हसू मला आवडलं नाही.

कार्ड शून्य.

२७ मार्च, गुरुवार

आजचं नीट लिहून ठेवते.

कचेरीतून आले तर धाकटी माझ्या टेबलाशी बसलेली, हात मांडीवर. कार्डांना हात लावलेला नव्हता, ते मी आधी पाहिलं. म्हणाली, "ताई, बस. मला बोलायचंय." मी म्हटलं, "चहा तरी घेऊ दे." ती म्हणाली, "नको. आत्ता."

आणि बोलायला लागली. या घरात ती कधी असं बोलली नव्हती. आईच्या उशाशी जागून काढलेली तीन वर्षं, सोडलेलं कॉलेज. एकदा तिला बघायला आलेला माणूस, आणि मी त्याला दारातच विचारलं होतं की लग्नानंतर ही गेली तर माझ्या आईचं कोण करणार. हे मी विसरले होते. मला आठवत नाही मी असं विचारल्याचं. पंखा. भाजी. मशीन. मी मध्ये बोलायला गेले तर तिने हात वर केला. "तुला वाटतं मला जमतं म्हणून मी करते. मला जमत नव्हतं. कधीच नाही. आता बास. मी नाही ॲडजस्ट करणार."

मी थबकले. कारण माझ्या सबंध खोक्यात असं वाक्य नव्हतं. ब्याण्णव कार्डं, आणि 'करणार नाही' म्हणणारं एकही माणूस मला भेटलं नव्हतं.

मी म्हटलं, "थांब थांब. परत म्हण. शेवटचं काय म्हणालीस?"

तिचा चेहरा एकदम बदलला. डोळे भरून आले, आवाज खाली आला. ती माझ्याकडे सरकली. "ताई, मी म्हणाले, मी आता नाही..." आणि तेवढ्यात तिने माझ्या हाताकडे पाहिलं. कोरं कार्ड होतं हातात, पेनाचं टोपण निघालेलं.

मी कधी उचललं ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. सवयीचा हात तो.

ती उठली, बोळात गेली आणि मशीनचा पट्टा काढायला लागली. मी हाक मारली. दोनदा मारली. इतकं काय झालं? मी ऐकतच होते ना? ऐकत नसते तर लिहिलं कसं असतं?

कार्ड पूर्ण केलं. बोलणारी: बहीण. घरचं एकतिसावं.

२८ मार्च, शुक्रवार

जिंकले. साहेबांनी दोन्ही नोंदी वाचल्या. माझी उदाहरणं वाचताना त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि साहेब काही हळवा माणूस नव्हे. "मॅडम, हे शेवटचं वाक्य म्हणजे सोनं आहे." खंड माझ्याकडे. चौथा अर्थ मात्र नवीचा ठेवला. साहेब म्हणाले, "तुमचीच उदाहरणं तिच्या अर्थाला जास्त शोभतात." हे मला पटलेलं नाही, पण जिंकल्यावर फार ताणू नये.

नवीने अभिनंदन केलं नाही. खोक्यातलं एकतिसावं कार्ड उचलून म्हणाली, "हे त्या म्हणाल्या तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"परत म्हण, म्हणाले."

तिने कार्ड परत खोक्यात ठेवलं. मग म्हणाली, "तुम्ही फार चांगल्या कोशकार आहात." शिवी दिल्यासारखं म्हणाली.

३१ मार्च, सोमवार

धाकटी गेली. हातगाडीवाला आला, मशीन गेलं, दोन पेट्या गेल्या. मी मुद्दाम रजा घेतली होती. म्हटलं, समोर असले की ही विरघळेल. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नव्हती. जेवण करून ताट झाकून ठेवायची आणि आपलं आधीच उरकून घ्यायची.

दारात मी म्हटलं, "लोक काय म्हणतील?" ती चप्पल घालत होती. मी म्हटलं, "आणि परत यावंसं वाटलं तर मग मशीन कुठे ठेवायचं ते माझ्या सोयीने ठरेल, सांगून ठेवते." हे मला बोलायचं नव्हतं. राग आला होता. माझ्या मनात दुसरंच होतं, ते तोंडापर्यंत आलंच नाही.

ती म्हणाली, "गॅसचा नळ घट्ट आहे. डावीकडे फिरवून मग दाब." आणि जिना उतरली.

२ एप्रिल, बुधवार

गॅस लागला नाही. पाव खाल्ला.

५ एप्रिल, शनिवार

नवी आज खात्री करायला गेली. एकतीस कार्डं रबर लावून पर्समध्ये टाकताना मला म्हणाली, "काही निरोप द्यायचाय?" मी म्हटलं, "तुम्ही कलम नऊचं काम करा. आमच्या घरच्या निरोपांना कलम नाही." ती गेल्यावर वाटलं, निदान गॅस लागत नाही एवढं तरी सांगायला हवं होतं. मग माझाच मला राग आला. सबंध दिवस नव्या खंडाच्या नोंदींचा एक कागद पुढे घेऊन बसले होते. एक चूक सापडली नाही, म्हणजे मी वाचतच नव्हते.

घरी खिडकीशी टेबल आहे, उजेड भरपूर आहे. बोळात मात्र मशीनच्या पायांच्या चार खुणा राहिल्यात. तिथून जाताना मी अंग चोरते, जसं काही मशीन अजून तिथेच आहे.

८ एप्रिल, मंगळवार

कार्डं परत आली. नवीने गठ्ठा टेबलावर ठेवला आणि स्वतःची खुर्ची घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. मी एकेक उलटून पाहिलं. मागचं अक्षर नवीचं, बोलणं धाकटीचं.

पंख्याच्या कार्डामागे: "हो, म्हणाले. त्या रात्री मला ताप होता."

भाजीच्या कार्डामागे: "हो. मग मी सकाळचा पाव खाल्ला. ताईला वाटलं मला भूक नाही."

"हो, म्हणाले." "हो." "हो, पण आधी तिने काय सांगितलं ते यात नाही." "हो." "म्हणाले असेन, रोजच म्हणत होते."

आणि सहा मार्चच्या, मशीनच्या कार्डामागे: "नाही. हे मी म्हणाले नव्हते. मी गप्प होते. ताईला ऐकू आलं असेल."

हे खोटं आहे. ऐकल्याशिवाय मी लिहीत नाही, सव्वीस वर्षांत लिहिलं नाही. मी घरी येऊन ही डायरी काढली आणि सहा तारखेचं पान पाहिलं. स्पष्ट लिहिलंय, ती म्हणाली. पण मग डोळे मिटून तो प्रसंग आठवायला गेले. मशीनचं लोखंड आठवलं, थंड. ते उचलताना तिच्या गळ्याची ताणलेली शीर आठवली. माझाच आवाज आठवला. तिचा आठवला नाही. कितीही वेळ बसले तरी आठवला नाही.

पान माझ्याच हाताचं आहे. त्याची खात्री कुणी केलेली नाही.

मशीनचं कार्ड मी बाद केलं. उरली तीस.

९ एप्रिल, बुधवार

एक गोष्ट काल लिहिली नाही. लिहवली नाही.

कार्डांच्या पुढच्या बाजूला, जिथे मी 'बोलणारी: बहीण' लिहिलं होतं, तिथे प्रत्येक कार्डावर 'बहीण' खोडलंय. एका सरळ रेषेत, कापडावर खडूने ओढतात तशी. आणि वर लिहिलंय: टेलर. हे नवीचं अक्षर नाही. हे मी ओळखते.

आज सकाळी नवीवर गेले धावून. "कार्डांवर खाडाखोड कशी होऊ दिलीत? पाठवलं कशाला होतं तुम्हाला?"

ती म्हणाली, "मी त्यांना अडवलं. त्या म्हणाल्या, यात बाकीच्यांचे धंदे लिहिलेत. कंडक्टर, डॉक्टर, घड्याळवाला. मलाही धंदा आहे, तो लिहा. आणि लिहिणार नसाल तर माझं एकही वाक्य छापायचं नाही."

"आणि नातं?"

"मीही तेच विचारलं." नवीने पहिल्यांदा माझ्या नजरेला नजर द्यायचं टाळलं. "त्या म्हणाल्या, गिऱ्हाईक थांबलंय."

साहेब म्हणाले, बोलणाऱ्याचा हक्क आहे, बदल करा, स्वच्छ कार्डं लिहा, दुपारपर्यंत छपाईला जायचंय. नवी म्हणाली, "मी लिहून देते, मॅडम." तिने खरंच मनापासून म्हटलं असावं. मी म्हटलं, "माझी कार्डं मी लिहीन."

तीस कोरी कार्डं घेतली. वाक्य उतरवायचं, तारीख उतरवायची, जागा उतरवायची. मग रकाना. पहिल्या कार्डाला हात अडखळला, पाचव्यापासून बसला. मला फार राग येत होता. बहीण हा शब्द खोडताना तिने मला विचारायला नको का? तो तिच्या एकटीचा नाही. आम्ही दोघी मिळून तो होतो. एकीने खोडला की दुसरीचाही जातो, एवढं तिला कळू नये? विसाव्या कार्डाशी कळलं की तिला ते कळतंय, म्हणूनच तिने खोडलाय. मग मी रडले. टेबल दोघींचं असल्यामुळे लपता आलं नाही. नवीने लॅपटॉप मिटला आणि माझ्या कोपराला जागा व्हावी म्हणून तो आपल्या कडेला ओढून घेतला.

दुपारी तीसही कार्डं दिली. अक्षर चांगलं आलंय, एकही डाग नाही. या कोशाची हजारभर पुस्तकं निघतील, शाळा-कॉलेजांत जातील, आम्ही दोघी नसू तेव्हाही कुणीतरी ॲडजस्टचं पान उघडेल. चौथ्या अर्थाखाली एका टेलरची तीस वाक्यं वाचेल. तिला एक बहीण होती, हे कुणाला कळणार नाही.